अंगठ्याचं हाड

"शालिनी देवमन तायडे, हाजिर हो" असा पुकारा अकोल्याच्या सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात झाला, आणि बाकावर तिच्या शेजारी बसलेला देवमनच आधी उठून उभा राहिला. हात जोडलेले, मान खाली, डोक्याचा रुमाल काढून काखेत धरलेला. पट्टेवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाईमाणूस आहे ना? बाईले बोलावून राहिले सायेब." शालूनं बापाच्या कोपराला हात लावला. "तुले नाही, बा. मले बोलावलं." तरी तो लगेच बसला नाही. आपलं नाव इतक्या मोठ्यानं, शेवटच्या अक्षरापर्यंत पुरतं कुणी घेतलं आणि त्यामागून शिवी आली नाही, हे त्याच्या अंगात उतरायला वेळ लागत होता. सकाळपासून ती साक्षीचीच उजळणी करत होती; कुठलं हाड, कुठली खूण, कुठल्या शब्दात सांगायची. ते सगळं या एका उभं राहण्यानं विस्कटून गेलं. ती पदर सावरून निघाली तेव्हा तिला फक्त बापाचे ते जोडलेले हात दिसत होते.

गावात त्याला देवमन्या म्हणत. हिवरखेडच्या त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी उभं राहून कुणीही हाक मारायचं, देवमन्या, अमक्याची गाय मेली, ओढून ने. मग तो ताटावरून उठायचा. शालू लहानपणी त्याच्या मागे गावाबाहेरच्या त्या पडीक तुकड्यापर्यंत जायची. तिथं वर्षानुवर्षांची हाडं उन्हानं पांढरी होऊन पडलेली असायची आणि वारा सुटला की त्या पोकळ नळ्यांतून हलकासा हू असा आवाज यायचा. तिला त्याची भीती कधी वाटली नाही. वास मात्र घरी यायचा, बापाच्या धोतराला, हातांना, त्यानं मोडलेल्या भाकरीलासुद्धा. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्यावर त्यानं चुलीजवळचा कातड्याचा दोर बाहेर टाकला आणि आईला म्हणाला, आता कोनाचं ढोर मरो नाहीतर जगो. पुढच्याच महिन्यात पाटलाचा बैल रस्त्यात मरून पडला. दोन दिवस पडून राहिला. घारी आल्या, कुत्री आली, निरोप आले, धमक्या आल्या. देवमन दाराशी बसून राहिला. मग सगळ्या वस्तीलाच कामावर बोलावणं बंद झालं आणि त्या हिवाळ्यात त्यांनी अंबाडीची भाजी आणि कण्या खाऊन दिवस काढले. पण तो वास घरातून गेला. शालूला आठवत होतं, एका सकाळी आईनं बापाचा हात हातात घेऊन हुंगून पाहिला होता आणि परत ठेवला होता.

म्हणूनच अमरावतीच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन तिनं सागरच्या विद्यापीठात मानववंशशास्त्राला नाव घातलं आणि सुटीत घरी येऊन सांगितलं, की मेलेल्या माणसाच्या हाडांवरून तो कोण होता हे ओळखायचं शास्त्र असतं, मी ते शिकते आहे, तेव्हा देवमनचा चेहरा असा झाला की जणू तो बैल पुन्हा दारात आणून टाकला. "आमी हाडं वाहून वाहून मेलो," तो म्हणाला. "थे हात धुतले, तुले शाळेत घातलं. अन तू एवढं शिकून पुन्हा हाडालेच हात लावते? काहून? दुनियेत दुसरं काई नोतं का शिकाले?" तिनं समजावायचा प्रयत्न केला. ही ढोरांची नाहीत, माणसांची आहेत. त्यामुळे ते आणखीच बिघडलं. तेव्हापासून दोघांत त्या विषयावर शब्द नव्हता. तो तिची खुशाली विचारायचा, खाते का, झोपते का, खोलीत पंखा आहे का. काय करते, हे मात्र कधी विचारलं नाही. आणि आज आपणहून, न बोलावता, एसटीनं अकोल्याला येऊन बाकावर बसला होता.

पिंजऱ्यात उभी राहून तिनं शपथ घेतली. सरकारी वकील उद्धवराव मवाळ माणूस होते. त्यांनी एकेक प्रश्न विचारून तिच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि बोलता बोलता तिचा आवाज ताळ्यावर आला. खटला उत्तमराव नावाच्या संत्र्यांच्या बागायतदारावर होता. त्याच्या बागेत भागीरथा नावाची एक तरुण मुलगी निंदण-तोडणीच्या कामाला जायची. दोन वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली. उत्तमरावानं गावात सांगितलं, खांडव्याच्या गाडीत एका माणसाबरोबर बसताना मी तिला पाहिली. गावानं ते मानलं, हसत हसत मानलं. मानलं नाही फक्त तिच्या आईनं, जाईबाईनं. मग कधीतरी सूर्यभान नावाच्या बागेतल्या गड्याला राहवलं नाही. मुलीनं मालकाचा हात झिडकारला होता, चारचौघांत सांगीन म्हणाली होती, आणि त्या रात्री मालकाची बैलगाडी गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागेकडे गेली होती, असं तो पोलिसांना सांगून बसला. पोलिसांनी ती जागा खणली आणि जे हाताला लागलं ते पोत्यात भरून नागपूरला वैद्यकीय कॉलेजात पाठवलं. शालू तिथं शरीररचनेच्या विभागात होती. प्रोफेसरांनी ते पोतं पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, बाई, हा तुमचा विषय. तपासा तुम्ही आणि सहीही तुम्हीच करा.

पोतं सोडल्याबरोबर तो वास आला. मातीचा, जुन्या चुन्याचा, आणि त्याच्याही खालचा. क्षणभर ती टेबलाची कड धरून उभी राहिली. मग तिनं हाडं एकेक करून पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली आणि वेगळी करत गेली. बैलाच्या बरगड्या, म्हशीचा खुबा, वासराचे खूर. अशी ती बाजूला सारत असताना त्या गर्दीतून हळूहळू कुणीतरी उठून बसत होतं. रुंद, उघडं असं कमरेचं हाड, म्हणजे बाई. गळ्याखालच्या हासळीचं टोक अजून जुळून आलेलं नाही, म्हणजे विशी उलटली असेल नसेल. डाव्या मनगटाच्या वर एक जुनी मोड, लहानपणी तुटून आपोआप सांधलेली, किंचित वाकडी. आणि कवटीला मागच्या बाजूनं एक तडा, ज्याला भरून यायला वेळच मिळाला नव्हता. शालूनं त्या पोरीला कधी पाहिलं नव्हतं, पण चार दिवस ती तिच्याबरोबर बसून होती. पाचव्या दिवशी पोलिसांकडून तिनं विचारून घेतलं, मुलगी लहानपणी कधी पडली होती का. जाईबाईनं सांगितलं, हो, चिंचेवरून. डावा हात. हाडवैद्याकडं न्यायला कुणी सोबत आलं नाही, म्हणून घरीच बांबूच्या कांबी बांधल्या.

उलटतपासणीला उत्तमरावाचे वकील वसंतराव उठले. अकोल्यात त्यांचं नाव मोठं होतं. खटला हातात घेतला की समोरच्या साक्षीदाराला आधी लहान करायचा, ही त्यांची पद्धत सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे कोर्ट भरलेलं होतं.

"आपण डॉक्टर आहात?"

"नाही."

"एमबीबीएस नाही. मग कोण आहात?"

"एमएस्सी. मानववंशशास्त्र."

"म्हणजे जंगलात जाऊन आदिवासींची नाकं मोजतात, तेच ना?" मागे कुणीतरी हसलं. "आणि या विद्येवर आपल्याला नोकरी कसली आहे? कायम की हंगामी?"

"हंगामी," ती म्हणाली.

वसंतराव थांबले. तो शब्द कोर्टात लोंबकळत राहावा असं त्यांना वाटत होतं आणि तो राहिला. शालूला तो नवा नव्हता. सागरहून पहिल्या वर्गाची पदवी घेऊन ती परतली होती, आणि सबंध वर्ष दारोदार फिरली होती. पोलिसांकडे गेली तर ते म्हणाले, हे काम बायकांचं नाही. कॉलेजांत गेली तर हा विषयच नाही. इस्पितळात गेली तर आम्हाला डॉक्टर लागतो. शेजारचे धर्मपाल मास्तर समजुतीनं सांगत, शालू, बीएड करून टाक, शाळामास्तरणीला मरण नाही. तिच्याबरोबरीच्या मुली मास्तरणी होऊन पगारावर आल्या होत्या, आईला लुगडी घेत होत्या. अमरावतीला तिला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरोजिनीबाई मात्र हटल्या नाहीत. वकिलाच्या घरातल्या, लग्न न करता राहिलेल्या, जरा फटकळच बाई. त्या म्हणायच्या, जागा नाही म्हणून विद्या खोटी होत नाही. जागा निघेल, तोवर विद्या गंजू देऊ नकोस. त्यांनीच शोधून नागपूरची ती जागा तिला सांगितली, सहा-सहा महिन्यांनी संपणारी, पुन्हा अर्ज करायला लावणारी. गेल्या दोन वर्षांत दर सहामाहीच्या शेवटी ती तोच अर्ज पुन्हा लिहीत आली होती.

वसंतरावांनी चष्मा काढून पुसला. "आपण हिवरखेडच्या. आपले वडील काय काम करतात?"

"मजुरी."

"त्याआधी?"

उद्धवराव हरकत घ्यायला अर्धे उठले. वसंतराव गोड आवाजात म्हणाले, "न्यायाधीश महाराज, साक्षीदार स्वतःला हाडांची जाणकार म्हणवते. ही जाणकारी विद्यापीठातली की पिढीजात, एवढंच मला विचारायचं आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. शालूला मागे वळून पाहायचं नव्हतं, तरी तिला बाक दिसत होता, बाकावरचा माणूस दिसत होता, आणि त्याचे हात. तिच्या मनात कितीतरी गोष्टी एकदम उठल्या. रस्त्यात फुगत चाललेला तो बैल, दाराशी बसलेला बाप, आईनं हुंगून पाहिलेला तळवा, सागरला वसतिगृहात जेवताना आपले हात टेबलाखाली ठेवायची तिला लागलेली सवय. आजवर ती ज्याच्यापासून पळत आली, ते हा माणूस चष्मा पुसता पुसता बाहेर काढून टेबलावर ठेवत होता. आणि नवल असं, की ते बाहेर आल्यावर त्यात काहीच नव्हतं. लाजण्यासारखं तर काहीच नव्हतं. उलट तिला एकदम जाणवलं, की या भरल्या कोर्टात सर्वांत मोठं धाडस केलेला माणूस मागच्या बाकावर बसला आहे आणि ते इथं कुणालाच माहीत नाही.

"मला उत्तर द्यायचं आहे," ती न्यायाधीशांना म्हणाली. त्यांनी मान हलवली.

"माझे वडील गावची मेलेली जनावरं ओढत होते. त्यांचे वडीलही. गाव त्यांच्याकडून ते करून घेत होतं. छप्पन साली माझ्या वडिलांनी ते काम सोडलं. गावानं त्यांना उपाशी ठेवलं, तरी सोडलं. त्यांना हाडं ओळखायला कुणी शिकवलं नव्हतं, फक्त उचलायला लावलं होतं. ओळखायचं मी विद्यापीठात शिकले, त्यांनी मला शिकवलं म्हणून. वकीलसाहेबांनी विचारलं ते बरं झालं. हे लिहून घ्यावं."

न्यायाधीशांनी टंकलेखकाकडे पाहिलं. मशीन खडखडू लागलं. त्या खडखडाटात वसंतरावांना पुढचा प्रश्न दोनदा विचारावा लागला.

त्यांनी आता शेवटचं पान टाकलं. भागीरथाचं गाव मेळघाटाच्या पायथ्याशी, अस्वलांच्या जंगलाला लागून होतं. त्यांच्यापाशी एक जाड इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यात खूण घातलेली होती. "अस्वलाच्या पंजाची हाडं आणि माणसाच्या हाताची हाडं सारखीच दिसतात, हे आपल्याला मान्य आहे?"

"मान्य आहे," शालू म्हणाली.

कोर्टात कुजबूज झाली. उद्धवरावांनी कपाळाला हात लावला. वसंतराव हसले. "चांगले चांगले डॉक्टर त्यात फसले आहेत, हेही मान्य आहे?"

"तेही मान्य आहे. कातडं गेलं, नखं गेली की पटकन फसायला होतं."

"मग या बाईंना हे अस्वल नाही, हे कशावरून कळलं?"

शालूनं समोरच्या टेबलावरची पुरचुंडी मागितली. पट्टेवाल्यानं ती आणून दिली. तिनं पांढऱ्या कापडावर हाताची ती बारीक हाडं हळूहळू मांडली, पाच रांगांत, जशी ती जिवंतपणी होती तशी. मग आपला उजवा हात वर केला.

"साहेब, आपण आपला तळहात पाहावा. आपला अंगठा बाकी बोटांपेक्षा आखूड आहे, पण त्याच्या बुडाचं हाड सगळ्यांत जाड आहे. माणूस त्याच अंगठ्यानं पकडतो. विळा धरतो, लेखणी धरतो. अस्वलाचं उलट असतं. त्याच्या अंगठ्याच्या जागचं बोट सर्वांत बारीक, आणि बाहेरच्या कडेचं जाड. ते पकडत नाही, रेटतं. आता हा हात पाहावा."

न्यायाधीश खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याचं बूड दाबून पाहिलं, मग कापडावर पाहिलं. टंकलेखकानं मशीन थांबवून स्वतःचा अंगठा पाहिला. पट्टेवाल्यानं पाहिला. बाकांवर बसलेली सगळी माणसं, गावाकडून आलेली, शहरातली, उत्तमरावाच्या बाजूची, जाईबाईच्या बाजूची, आपापले हात समोर धरून बघत होती. शालूला ते दृश्य जन्मभर पुरेल असं वाटलं. इतक्या जातींच्या इतक्या माणसांनी एकाच वेळी आपलं एकच हाड चाचपलं होतं. आणि मग तिला दिसलं, वसंतरावांनीही पुस्तक डाव्या काखेत धरून उजव्या हाताचा अंगठा न कळत चाचपला होता, आणि आपण काय करतो आहोत हे ध्यानात येऊन हात झटकन खाली घेतला होता.

"आणखी काही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही," वसंतराव म्हणाले आणि बसले.

ती बाहेर आली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. देवमन आवारातल्या कडुनिंबाखाली उभा होता. शालू जवळ गेली. ती म्हणाली, "चाल बा, च्या घेऊ." हॉटेलात दोघं समोरासमोर बसली. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, आणि बशी तशीच धरून राहिला.

"तुया आवाज मांगपर्यंत आयकू येत होता," तो म्हणाला.

"हो का."

"पार मांगपर्यंत. दारातले लोकं बी चूप बसले होते." मग चहा पिऊन झाल्यावर त्यानं जरा संकोचत विचारलं, "थे अस्वलाचं खरं हाये का? का वकिलाले बनवलं तूनं?"

"खरं आहे बा."

"अन पायाचं?"

ती सांगू लागली. अस्वलाचा पाय, माकडाचा पाय, माणसाची टाच. तो मधून मधून थांबवून विचारत होता, तिची बोटं धरून, स्वतःची चप्पल काढून पाऊल पुढं करून. हॉटेलवाला पोऱ्याला ओरडला, त्या बाकाले आणखी दोन च्या. पाच वर्षांत न बोललेलं ते सगळं त्या दुपारी बोलून झालं, आणि परतीची एसटी चुकली तरी दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागला. उत्तमरावाला जन्मठेप झाली. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, की या साक्षीदाराचं ज्ञान तिच्या पदवीपेक्षा मोठं नाही आणि लहानही नाही, ते नेमकं आहे, आणि कोर्टाला नेमकंच हवं असतं. त्या वाक्यामुळे की काय कोण जाणे, पण त्याच वर्षी सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हाडांच्या तपासणीसाठी एक जागा निघाली आणि ती शालूला मिळाली. कायम, पेन्शनीची. सरोजिनीबाईंनी ती बातमी अमरावतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्गाच्या मुलींना वर्गात उभं राहून वाचून दाखवली आणि पगाराचा आकडा फळ्यावर मुद्दाम मोठा लिहिला. पुढल्या साली त्या वर्गातल्या दोघीजणी सागरला गेल्या.

नव्या नोकरीवर रुजू व्हायच्या आधी शालू जाईबाईच्या गावी गेली. कोर्टानं अवशेष आईच्या हवाली केले होते आणि त्यांचं सगळं रीतीनं झालं होतं, तरी म्हातारीचा निरोप होता, एकदा येऊन जा. शालू पोचली तेव्हा जाईबाई धुवट लुगडं नेसून दाराशी उभीच होती. काळी, काटक बाई, डोळ्यांत पाणी नाही.

"पोरी, मायासंगं चालतं का गावात?"

"कुठं मावशी?"

"घरोघर."

आणि ती निघाली. पहिल्या दारात थांबून तिनं आतल्या बाईला बोलावलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "माही भागीरथा पळून गेली नोती. कोर्टानं लेहून देल्लं. हे बाई, यायनं सांगतलं." आतली बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली, मग म्हणाली, "माहं चुकलं, जाईबाई." जाईबाई पुढच्या दाराला गेली. तिथंही तेच बोलली, शब्द कमी नाही, जास्त नाही. गावात बातमी पुढं धावत गेली होती आणि बाया आता हाकेआधीच ओट्यावर येऊन थांबत होत्या. काहींनी नजर खाली घातली, काहींनी तिचा हात धरला. दोघीतिघी मागून चालू लागल्या, मग आणखी आल्या. शालू तिच्या शेजारून चालत होती, जड पायांनी नाही, जणू एखाद्या वरातीत असल्यासारखी, आणि तिला कळत होतं, की आपल्या विद्येचं हे खरं ठिकाण आहे. टेबल नव्हे, कोर्ट नव्हे, ही गल्ली.

गल्लीच्या टोकाला उत्तमरावाचं दुमजली घर होतं. दार बंद. मागच्या बाया थबकल्या. या दाराच्या कडीला त्यांच्यापैकी कुणी कधी हात लावला नव्हता. आंगणाच्या कडेला उभं राहून हाक मारायची, अशीच रीत होती. जाईबाईनं शालूकडेही पाहिलं नाही. ती आंगण ओलांडून सरळ गेली, दोन पायऱ्या चढली आणि तिनं कडी वाजवली. आत हालचाल झाली. तिनं पुन्हा वाजवली, आधीपेक्षा जोरानं, आणि दार उघडेपर्यंत वाजवत राहिली.